राजधानीच्या बाहेरचा किल्ला

किल्ला म्हटला की आपल्या माणसाची मान आपोआप वर जाते. आमच्याकडचे किल्ले डोंगरावर, त्यामुळे ती सवयच. मी ज्या किल्ल्याचं सांगतोय तो मात्र मान खाली घालून बघावा लागतो. अबूधाबी शहर बेटावर आहे. बेटावर शिरायचं तर पुलावरून जायचं, आणि त्या पुलाच्या खाली काठाला एक लहानसा किल्ला, त्याच्या समोर खाडीत एकटा बुरूज. एवढासा, की पुलावरच्या गाडीतून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पाण्याला आलं होतं आणि डेचकी विसरून गेलं.

मी तिथे गवंडी म्हणून गेलो तेव्हा अंगात रग होती. शाळा चौथीपर्यंत, पण थापी हातात आली की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. कॅम्प बेटाबाहेर मुसफ्फ्याला, कामं बेटावर. सकाळी कंपनीची बस भरायची आणि पूल येईस्तोवर अख्खी बस झोपलेली. माना अशा लोंबायच्या की बाजाराच्या दिवशी सायकलला टांगलेल्या कोंबड्या बऱ्या. मी तेवढा जागा. खिडकीच्या जागेवरून एका केरळवाल्याशी माझं जोरदार भांडण झालं होतं. तो म्हणाला, "भाई, तेरेको उधर क्या दिखता है?" मी म्हटलं, "मेरा किल्ला दिखता है." तेव्हापासून बसमध्ये सगळे मला 'किल्लेवाला' म्हणायचे. म्हणू देत. त्यात शिवी काय आहे?

आजूबाजूला काय काय उठलं माझ्या डोळ्यांदेखत! काचेच्या इमारती, पुलाला पूल, रस्त्यावर रस्ता. त्यातलं थोडं माझ्या हातचं आहे, ते मी कुणाला सांगत बसत नाही. पण ह्या सगळ्या भाऊगर्दीत तो बुरूज होता तसाच. मोठा किल्ला मोठा दिसतो, त्यात त्याचा काय पराक्रम? दगड जास्त, माणसं जास्त, दिसणारच. हा एवढासा आणि काम केवढं! अख्खी राजधानी पाठीशी घालायची. माझा जीव जडला तो त्याच्यावर.

एका शुक्रवारी सुट्टीला मी बस पकडून मुद्दाम त्या काठाला गेलो. भरती होती. काठावर एक म्हातारा अरब प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गळ टाकत होता. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसारखाच, मासा लागो न लागो, उठायचं नाही.

"हिंदी?" त्याने विचारलं.

"हां. बंबई." आम्ही सगळे बंबईच सांगायचो. रत्नागिरी कुणाला ठाऊक?

"बंबई अच्छा. मेरा बाप जाता था, मोती लेके."

मग जरा ओळख वाढली तसं मी बुरुजाकडे बोट करून विचारलं, "बाबा, ये किसलिए बनाया?"

"पहले पूल किधर था? पानी उतरता था तो आदमी पैदल आता था, ऊंट लेके. दोस्त भी आता था, चोर भी आता था. ऊपर एक आदमी बैठता था. देखता था, कौन आया."

"चोर कहां का? बाहर का?"

म्हातारा असा हसला की गळाची दोरी हलली. "बाहर वाला इतना रेत में क्यों आएगा? अपना ही. चाचा का, मामा का."

हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. भाऊबंदकी! आमच्यात बांधावरून, फणसाच्या झाडावरून होते. ह्यांच्यात पाण्यावरून, खजुरावरून, गादीवरून. बाहेरच्या शत्रूसाठी किल्ला बांधणं सोपं, तट उंच केला की झालं. आपल्याच माणसासाठी बांधायचा तर डोकं लागतं. कारण त्याला दार माहीत असतं, दाराची कडी माहीत असते, कुत्र्याचं नाव माहीत असतं. म्हणून त्या लोकांनी घराची भिंत उंच करत बसण्यापेक्षा वाटेवरच डोळा ठेवला. येणाऱ्याला पाण्यातच विचारायचं, बाबा रे, कोण तू? ते ऐकून मी त्या बुरुजाला तिथल्या तिथे हात जोडले. म्हाताऱ्याला वाटलं मी त्याच्या पाया पडतोय. त्याने मला चहा पाजला.

पुढे कामाचं वय संपलं, कंपनीने खलास म्हटलं, आणि मी गावाला गेलो. बायको होती तोवर दिवस बरे गेले. ती गेली आणि चुलतभावाने सामाईक अंगणात तार ओढली. माझ्या दारातून विहिरीवर जायला मलाच वळसा. मीही काही कमी नाही. मी त्याच्या तारेवर माझी धोतरं वाळत घालायला लागलो. रोज सकाळी तो तिकडून खाकरायचा, मी इकडून. शेवटी लेक आली आणि म्हणाली, "बाबा, ह्या खाकरण्याच्या स्पर्धेत तुमचा बीपी जाणार वर. चला माझ्याकडे." लेक आणि जावई अबूधाबीलाच. अशी माझी पुन्हा त्या पुलावरून वर्णी लागली, ह्या वेळी जावयाच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा बांधून.

लेकीच्या घरी राहणं हे माझ्यासारख्या माणसाला पचायला जड. आमच्या आधीची माणसं लेकीच्या घरचं पाणी पितानासुद्धा मागेपुढे बघायची. मी तर तिच्या घरचा एसी खात होतो. त्यामुळे मी मान राखून राहायचो. बाथरूमच्या फरशीच्या भेगा भरल्या, दाराचं कुरकुरणं बंद केलं. जावई भला माणूस, मला बाबा म्हणतो, मी त्याला जावईबापू म्हणतो आणि अहो-जाहो करतो. दोघंही एकमेकांना जरा घाबरून असतो. चांगलं असतं ते.

जावईबापू तिथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर. गेल्या दिवाळीच्या आधी कमिटीची बैठक आमच्याच हॉलमध्ये भरली. भाड्याच्या हॉलवर होणाऱ्या दिवाळीच्या कार्यक्रमाला किल्ल्यांची स्पर्धा ठरली होती. मुलांना काय कळतं, त्यामुळे आईबापच टीम करून किल्ले करणार. आत स्वयंपाकघरात लेक चकल्या तळत होती. मी कोपऱ्यात पेपर घेऊन बसलो होतो. पेपर वाचत नव्हतो, ऐकत होतो.

मंडळाचे सेक्रेटरी बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं सगळं तुपातलं. त्यांचं लक्ष गेलं माझ्याकडे.

"काका, तुम्ही पण घ्या ना भाग. एक्सपीरियन्स्ड माणूस तुम्ही. राजगड करा."

"राजगड कुणी घेतला नाही?"

"एक टीम ऑलरेडी करतेय. तुम्ही प्रतापगड घ्या मग."

मी पेपरची घडी घातली. "मी पुलाखालचा करतो. खाडीतला बुरूज आणि काठावरचा किल्ला."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेक्रेटरी हसले, पण ओठांनीच. "काका, स्पर्धेचं नावच 'महाराजांचे किल्ले' आहे."

"मग? महाराजांना किल्ल्याची पारख होती की नव्हती? दुसऱ्याचा चांगला किल्ला बघून नाक मुरडणारे होते का ते?"

"तसं नाही हो. पण रूल आहे, प्रत्येक गडावर महाराज पाहिजेत. आता इथल्या लोकांच्या किल्ल्यावर आपण आपले महाराज बसवायचे? कुणी फोटो टाकला, कुणी काही बोललं तर? आपल्याला इथे राहायचंय."

"मी कधी म्हटलं महाराज बसवणार?"

"महाराज नाहीत? मग तो किल्ला कसला?" त्यांचं तोंड असं झालं, जणू मी त्यांना मीठ न घातलेलं वरण वाढलं.

"महाराजांना दुसऱ्याच्या गादीवर बसवू? न विचारता, न सांगता? ते काय घुसखोर होते?"

जावईबापू मध्ये पडले. "बाबा, आपण बघू नंतर."

आता ह्या 'बघू नंतर'चा अर्थ मला चांगला माहीत. लहान पोराला खेळण्याच्या दुकानापुढून ओढत नेताना म्हणतात तसं ते. सगळ्यांसमोर मला कुणी दुकानापुढून ओढतंय हे मला सहन झालं नाही.

"जावईबापू," मी म्हटलं, "नंतर नाही, आत्ताच ऐका. माझा किल्ला त्या हॉलवर लागला नाही, तर दिवाळी झाली की माझं तिकीट काढा. एकेरी."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. त्या दिवशीचा चकल्यांचा तो घाणा करपला.

मंडळी गेल्यावर लेक हात पुसत बाहेर आली. "तिकडे कोण आहे तुमचं? तार ओढणारा भाऊ?"

"जो आहे तो आहे."

"एका मातीच्या किल्ल्यासाठी जाणार तुम्ही?"

"किल्ल्यासाठी नाही. बोललो म्हणून."

"बोललात तुम्ही, आणि तुमची खोली रिकामी दिसणार मला. छान."

तिला माहीत होतं, मी गंमत करत नाही. तिच्या लहानपणी मी एकदा म्हटलं होतं, अमुक लग्नाला येणार नाही. वरात आमच्या दारावरून गेली, सख्खा भाचा घोड्यावरून वाकून बघत गेला, पण मी ओटीवरून उठलो नाही. तिला ते आठवत असणार.  त्या दिवसापासून माझ्या ताटात भाकरी यायला लागली, एरवी पोळी असायची. माणूस जाणार असला की बायका असं काहीतरी करतात.

मी कामाला लागलो. जागा बाल्कनी. एका बिर्याणीवाल्याकडून मोठी परात मागून आणली, ती झाली खाडी. मातीचं कठीण. तिथली वाळू मुठीत धरली तर मुठीला कळायच्या आधी निसटते, आणि लाल माती स्वप्नातसुद्धा मिळत नाही. नर्सरीतून कुंड्यांच्या मातीच्या पिशव्या आणल्या, दगड निवडून चाळली, भिजवली, तुडवली. काठावरचा किल्ला आपल्या नेहमीच्या रीतीने केला: खाली विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा हात. त्याची मला काळजीच नव्हती. बुरूज निव्वळ मातीचा उभा केला. खाली रुंद, वर निमुळता. सुकू दिला. मग परातीत पाणी ओतलं, त्यात चिमूटभर नीळ.

दुसऱ्या दिवशी नात शाळेत जायच्या आधी बाल्कनीत डोकावली. "आजोबा, युअर टॉवर इज मेल्टिंग."

"मेल्टिंग नाही. जरा बसलाय."

जरा नव्हे, चांगला मांडी घालून बसला होता. परातीत निळ्या पाण्याचा चहा झालेला.

लेक आली, बघितलं, हसू दाबलं. "बाबा, आत प्लास्टिकची बाटली ठेवा आणि वरून माती लिंपा. सगळे तेच करतात."

"बाटलीच्या जिवावर राजधानी राखतात होय?"

"मग थर्माकोल?"

"तू जा, तुझं दूध उतू जाईल."

पुन्हा केला, माती घट्ट मळून. पुन्हा बसला. आता वरवर मी काही दाखवलं नाही, पण आतून चरकलो. मंडळाचं राहू दे, परातीतच उभा राहिला नाही तर हॉलवर काय लावणार? मग माझ्या तिकिटाला दुसऱ्या कुणाची गरजच नाही, मीच कापलं म्हणायचं. जेवताना जावईबापू म्हणाले, "बाबा, उद्या सुट्टी आहे. प्रत्यक्षच बघून येऊ या का?"

पुलाजवळ गाडी लावून आम्ही काठाला उतरलो. ओहोटी लागलेली. आणि मी बघतच राहिलो. इतकी वर्षं बसमधून बघितला तो वरून, धावत्या खिडकीतून. मुद्दाम आलो त्या दिवशी भरती होती. त्याचे पाय मी कधी बघितलेच नव्हते! कोकणातला माणूस मी, समुद्र बघत मोठा झालो, आणि ओहोटीला येऊन बघावं हे सुचलं नाही. बुरूज पाण्यात नव्हताच. तो खडकावर होता. पाण्याने उघडा टाकलेला काळपट खडक, आणि त्याच्यावर बुरूज नीट बसवलेला, जसा पाटावर नवरा.

"जावईबापू, बघा, बघा!" मी त्यांचा हात धरला. एरवी आम्ही एकमेकांना हात लावत नाही. "ज्याने बांधला त्याने पाण्याशी भांडण घेतलंच नाही. खडक बघितला आणि तिथे बुरूज ठेवला. पाण्याला म्हणाला, तू ये, तू जा, तुझं चालू दे. भरती असली की पहारा पाण्याचा, ओहोटी लागली की माणसाचा. अर्धा पहारा फुकट!"

"खरंच की," जावईबापू म्हणाले. मग बुटातली वाळू झटकत म्हणाले, "बाबा, मी बोललो सेक्रेटरींशी. ते म्हणाले, स्पर्धेत नाहीच बसणार. तरी बघतो म्हणाले."

"बघतो म्हणजे?"

"म्हणजे... बघतो." ते चाचरले. "तुम्ही गेलात ना, तर ती माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. कमिटीवर मी आहे ना. तेव्हा मी हे तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी म्हणतोय. जरा दमानं घ्या."

पहिल्यांदा मला तो जावई न वाटता घरातला माणूस वाटला. पण मी एवढंच म्हणालो, "मी दमानंच घेतो. दुसरे घाई करतात."

घरी येताना मी काठावरून एक खडबडीत धोंडा आणला असता, पण जावईबापू म्हणाले इथलं काही उचलायचं नाही. बरोबर आहे. ज्याच्या किल्ल्याचं कौतुक करायचं त्याच्याच दाराचा दगड चोरायचा नसतो. बिल्डिंगच्या मागे काम चाललं होतं, तिथल्या फोरमनला मागून एक फुटका ब्लॉक आणला, तासला, परातीत ठेवला. त्याच्यावर बुरूज. पाणी खडकाला लागलं, बुरुजाला नाही. वरून जिप्समचा पातळ हात दिला, उन्हात वाळून त्याचा रंग असा आला की लेक म्हणाली, "बाबा, हा खरा आहे." तिने फोटो काढला. मग फोटोकडे बघत नुसती उभी राहिली. मला कळलं, मी गेल्यावर तिच्याकडे काय राहणार ते ती बघतेय. मी जिप्समची बादली धुवायला गेलो.

कार्यक्रमाच्या दिवशी परात मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. पाणी हॉलवर गेल्यावर ओतायचं ठरलं होतं. तरी जावईबापूंनी गाडी अशी चालवली की मागचे लोक हॉर्न मारून मारून थकले.

हॉल मस्त सजला होता. आत भिंतीला ओळीने किल्ले: राजगड, तोरणा, सिंधुदुर्ग, सगळे. थर्माकोलचे असले तरी मेहनत होती, मी नावं ठेवणार नाही. राजगड तर झकास होता, बालेकिल्ला, माच्या, सगळं जिथल्या तिथे. मी माझं सामान एका रिकाम्या टेबलावर ठेवलं, खडक, बुरूज, काठावरचा किल्ला नीट मांडले, आणि नळाचं पाणी आणायला गेलो.

बादली घेऊन परत येतो तर माझ्या बुरुजावर महाराज बसलेले! सिंहासनासकट. खाली काठावर मावळे, एक वाघ, आणि परातीच्या मधोमध, जिथे खाडी व्हायची तिथे, डोक्यावर हंडे घेतलेली गवळण.

मांडणीचं काम बघणाऱ्या एक बाई तिथे कौतुकाने उभ्या होत्या. "काका, तुम्ही विसरलात वाटतं. माझ्याकडे एक्स्ट्रा सेट होता."

आता त्यांना काय बोलणार? मन चांगलं होतं. "ताई," मी म्हटलं, "ही गवळण बुडेल." मी मावळे काढले, वाघ काढला, गवळण काढली. मग हात जोडले आणि महाराजांना दोन्ही हातांनी उचललं. तेवढ्यात सेक्रेटरी आले. मी महाराज त्यांच्याच हातात दिले.

"काका, हे काय?"

"ह्यांची जागा आत राजगडावर. ही दुसऱ्याची चौकी आहे."

"काका, आपलं बोलणं झालं होतं." हातात महाराज असल्यामुळे त्यांना आवाज चढवता येईना. "महाराज ठेवले तर मला इथल्या लोकांची काळजी. नाही ठेवले तर आपल्याच लोकांना उत्तर द्यावं लागतं. मी करू काय? हे आत नाही लावता येणार."

"मग?"

"तुमचा मान ठेवून सांगतो. बाहेर दाराशी एक टेबल आहे. चपलांच्या तिथे. तिकडे लावा, वेलकम म्हणून."

"चपलांच्या तिथे," मी म्हटलं.

आजूबाजूला बरीच मंडळी जमली होती. मी जावईबापूंकडे वळलो. "तिकीट."

 फराळाची ताटं लावायचं सोडून लेक आली. साडीचा पदर खोचलेला, बोटांना चिवड्याची हळद. ती मला ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

"बाबा, तुमचा तो बुरूज खरा कुठे आहे?"

"खाडीत. तुला माहीत नाही?"

"शहरात का नाही बांधला?"

"शहरात बांधून काय उपयोग?"

"राजवाड्याच्या आत बांधायचा. छान एसीत."

"वेडी का तू? राजवाड्यात पहारा ठेवून करायचंय काय? शत्रू आत आल्यावर त्याला पाणी विचारायला? राखणारा किल्ला राजधानीच्या बाहेरच पाहिजे, वाटेवर, जिथून सगळे आत—"

मी थांबलो.

"हां," ती म्हणाली. "आत राजगड आहे. राजधानी आहे महाराजांची. तुमचा पहारा घेऊन तुम्ही आत काय करताय मघापासून?"

कुणीतरी मागे खुसकन हसलं. माझे कान तापले. माझ्याच भट्टीत तिने मला भाजलं होतं, आणि भाजलं होतं ते अगदी खरपूस. पण मी इतक्यात सोडणारा नव्हे.

"मी म्हटलं होतं, हॉलवर लागला पाहिजे."

"दार कुणाचं आहे?"

सेक्रेटरी हुशार माणूस. त्यांनी महाराज छातीशी धरले आणि लगेच म्हणाले, "दार हॉलच्या भाड्यात येतं, काका. पॅसेजसकट."

सगळे माझ्याकडे बघत होते. लेकही. ती आता हसत नव्हती. तिच्या बोटांतून चिवड्याचा एक शेंगदाणा खाली पडला, तो तिने उचलला नाही. माझी मुलगी सांडलेलं उचलल्याशिवाय राहत नाही. तेवढं बघितलं मी.

"चपला हलवा," मी म्हटलं.

"काय?"

"चपलांचं ठिकाण तिकडे, लिफ्टच्या बाजूला. चौकीपुढे चपला नकोत. आणि टेबल दाराच्या आडव्या अंगाला, येणारा आधी तिथे थांबला पाहिजे. भिंतीला चिकटवून नाही."

"यल्ला, हलवा रे चपला!" सेक्रेटरी ओरडले, आणि बँकेतला तो मोठा माणूस स्वतः दोन सॅन्डल उचलून चालायला लागला. महाराज त्यांनी आधी जावईबापूंकडे दिले होते, हे सांगायला हवं.

टेबल दाराशी लागलं. मी खडक ठेवला, बुरूज ठेवला, काठ लावला, आणि हळूहळू पाणी ओतलं. पाणी खडकाभोवती चढत गेलं आणि थांबलं. बुरूज कोरडा. तेव्हा मला जाणवलं, आतल्या त्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा ह्याची जागा चांगली आहे. तिथे ते ओळीत उभे होते, बक्षिसासाठी. हा कामावर होता.

जेवणाचे डबे घेऊन कॅटररचा पठाण ड्रायव्हर आला. दारात थबकला. "चाचा, ये पुल वाला है ना? नीचे वाला? मैं रोज उधर से जाता हूं!" डबे खाली ठेवून त्याने वाकून चारी बाजूंनी बघितला. मग खडकाकडे बोट करून मान हलवली. मंडळातल्या कुणी ओळखला नव्हता. त्याला सांगावं लागलं नाही. बसमध्ये जागा राहणारा असणार तो.

नंतर लोक यायला लागले. नटलेले, परफ्यूम मारलेले, मुलं इंग्रजीत कलकलाट करणारी. मी खुर्ची घेऊन टेबलाशी बसलो होतो. जो तो थांबायचा, वाकून बघायचा. आणि जो तो तेच विचारायचा.

"काका, ह्याच्यावर महाराज नाहीत?"

"आत आहेत. सरळ जा. हा बाहेरचा पहारा."

सांगून सांगून मला त्यात मजा यायला लागली. काही जण नुसती मान डोलवून जायचे, काही जण आत जाऊन, राजगड बघून पुन्हा बाहेर यायचे आणि नीट उभे राहून बघायचे. सेक्रेटरी एकदा येऊन गेले. परातीत पाणी कमी झालं होतं ते स्वतःच्या बाटलीतून ओतून गेले.

आतून बक्षिसाच्या टाळ्या ऐकू आल्या. राजगडाला मिळालं, मिळायलाच हवं होतं. टाळ्या थांबल्यावर लेक फराळाचं ताट घेऊन दाराशी आली.

"बाबा, आत या आता. जेवून घ्या."

"पहाऱ्यावरचा माणूस जागा सोडत नाही."

"तुमच्या तिकिटाचं हे विचारत होते."

"त्यांना म्हणावं, बघू नंतर."

तिने ताट माझ्या मांडीवर ठेवलं, आत गेली, एक खुर्ची ओढत घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून माझ्याच ताटातली चकली मोडून खायला लागली. एक कुटुंब उशिरा आलं, दाराशी थांबलं. त्यांनी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "महाराज आत आहेत. सरळ जा."